पाया थंडच आहे सर, आधी डोक्यावरचं बघा

«ताई, सप्रेम नमस्कार. मी अकोल्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. ३० बाय ५० चा प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं आहे. रस्ता पश्चिमेला आहे. पायाचे खड्डे झाले, सहा फुटांवर मुरूम लागला, आता फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या तळाच्या काँक्रीटच्या, जाळ्या बांधणं सुरू आहे. वडील ८१ वर्षांचे आहेत. मागच्या उन्हाळ्यात सध्याच्या स्लॅबच्या घरात त्यांना दोनदा सलाईन लावावं लागलं. नवं घर थंड राहावं एवढीच इच्छा आहे. मुलगी-जावई अमेरिकेत मिनियापोलिसला असतात. जावई म्हणतात, पायाला आणि भिंतींना बाहेरून फोमच्या शीट लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, आमच्याकडे सगळे असंच करतात. ठेकेदार म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, मी वरून चांगला कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा चुना-सिमेंटचा थर, करून देतो. पेंटवाला म्हणतो, हीटप्रूफ पेंट मारा, बाकी काही नको. लाल वीट घ्यावी की एएसी ब्लॉक, म्हणजे ते हलके, फुगवलेले ठोकळे, यावरही घरात एकमत नाही. पैसे मोजके आहेत. कुठे खर्च करू आणि कुठे नको?»

नमस्कार सर,

तुमचं पत्र वेळेत आलं याचा मला मनापासून आनंद झाला. अशी बहुतेक पत्रं वास्तुशांत झाल्यावर येतात. तेव्हा भिंती उभ्या असतात, गच्चीवर कोबा घट्ट बसलेला असतो आणि मला ठिगळं सुचवण्यापलीकडे काही करता येत नाही. तुमच्या हातात अजून सगळं आहे.

आधी निकाल सांगते, कारणं मागून. इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराचा, पहिला रुपया गच्चीवर घाला, दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर आणि तिसरा बाकीच्या बाहेरच्या भिंतींवर. पायाच्या इन्सुलेशनवर एक रुपयाही घालू नका. पण पायाची इतर कामं याच आठवड्यात नीट करून घ्यावी लागतील आणि त्यांचा घराच्या थंडाव्याशी संबंध आहे.

जावईबापूंना चूक म्हणू नका. ते राहतात तिथे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मिनेसोटा राज्याच्या बांधकाम नियमांप्रमाणे दक्षिण भागात, म्हणजे मिनियापोलिस धरून, फुटिंग ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल न्यावं लागतं. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं, ओली माती फुगते आणि वरचं बांधकाम उचलून धरते. शिवाय तिथे बहुतेक घरांना तळघर असतं आणि ते महिनोन्‌महिने तापवावं लागतं. पायाला उघडं काँक्रीट ठेवलं तर ती सगळी ऊब मातीत जाते. म्हणून फोम. तिकडे तर फोमच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत रचून आत काँक्रीट ओततात आणि फोम दोन्ही बाजूंनी तसाच ठेवतात. त्या हवेला ती पद्धत उत्तम आहे.

आपलं गणित नेमकं उलटं आहे. तुमच्या गावाकडची विहीर आठवा. मे महिन्यात तिचं पाणी गार लागतं आणि डिसेंबरच्या पहाटे कोमट. पाणी फारसं बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा. दहा-बारा फूट खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखं असतं, त्या गावाच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. अकोल्यात ते २७-२८ अंश धरा. बाहेर ४५ अंश असताना पायाखाली २७-२८ अंशांची जमीन फुकट मिळते आहे. घरातली उष्णता त्या जमिनीत जायलाच हवी. मधे फोम घातला तर आपणच ती वाट बंद करू. जुन्या घरात दुपारी आजी शहाबादी फरशीवर नुसतं लुगड्याचा पदर पसरून पडायची, ते याच कारणानं. तुमच्या घरातही तळमजल्याला थेट दगडी फरशी घ्या, वडिलांच्या खोलीत तरी नक्की.

पायाला फोम नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. वाळवी. वाळवी फोम खात नाही, पण पोखरते. त्यातून बोगदे काढून चौकटीपर्यंत पोचते आणि बाहेरून काही दिसत नाही. अमेरिकेतच दक्षिणेकडच्या ज्या भागांत वाळवीचा उपद्रव फार आहे, तिथे जमिनीखाली फोम वापरण्यावर तिथल्या नियमांनी बंधनं घातली आहेत. जावईबापूंना एवढं सांगा, त्यांना लगेच पटेल.

आता पायाचं जे खरंच करायचं आहे ते. अकोला जिल्ह्याचा मोठा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे तिथलं जमिनीखालचं पाणी खारं असतं. तुमच्याकडे नळ रोज येत नसणार, म्हणजे ठेकेदार बोअरच्या पाण्यावर काम काढणार. ते पाणी काँक्रीटमध्ये पडण्याआधी तपासून घ्या. आयएस ४५६ प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर आणि सल्फेट ४०० च्या वर चालत नाही. खारं पाणी असेल तर सळया आतून गंजतात. तराईला, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवायला, तेच पाणी वापरलं तर क्षार मुरत राहतात. टँकर आणावा लागला तरी चालेल, पण फुटिंग, कॉलम आणि स्लॅबला गोडं पाणीच वापरा.

खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरू देऊ नका. ठेकेदाराला ते सोयीचं असतं, कारण वाहतूक वाचते. पण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची फरशी वरखाली होते. भरावाला मुरूमच हवा, सहा-आठ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, चांगला धुमसून. भराव झाल्यावर, फरशीखालचं काँक्रीट टाकण्याआधी वाळवीची फवारणी करून घ्या. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा, थर सगळ्या भिंतींखाली सलग घ्या, दाराच्या जागीही तो तोडू देऊ नका. घराभोवती अडीच-तीन फुटांची काँक्रीटची पट्टी बाहेर उतार देऊन घ्या, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही.

याचा थंडाव्याशी संबंध असा की ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत सोडते. विटेच्या किंवा ब्लॉकच्या बारीक छिद्रांत हवा असते तोवर ती अडवते. तिथे पाणी शिरलं की उष्णतेला सरळ रस्ता मिळतो. खारपाणपट्ट्यात तर ओलीबरोबर लोणा चढतो आणि प्लास्टरही सुटतं. डीपीसी हे तुमच्या भिंतीचं पहिलं इन्सुलेशन समजा.

पायाचं झालं. आता गच्ची.

सर, तुम्ही शाळेत मुलांना शून्य सावली दिवस दाखवला असेल. अकोल्यात तो मे महिन्याच्या २० तारखेनंतर येतो आणि पाठोपाठ नवतपा लागतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत सूर्य दुपारी बरोबर तुमच्या गच्चीवर उभा असतो. भिंतीला तेव्हा तिरपं ऊन लागतं, तेही एका वेळी एखाद-दोन बाजूंना. गच्ची सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी तापत राहते. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं, ते तुम्ही अनुभवलंच आहे. अशा दिवसांत उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो, अनवाणी पाय ठेवता येत नाही.

तुमचा स्लॅब ९०० चौरस फुटांचा आणि पाच इंची धरू. त्याचं वजन २५ टनांच्या आसपास भरतं. एवढा मोठा तवा दिवसभर तापतो आणि मग रात्रभर निवत बसतो. काँक्रीटमधून उष्णता खाली यायला तीन-चार तास लागतात, म्हणून दुपारी दोनला खोली बरी वाटते आणि रात्री नऊला पंख्याखाली झोपवत नाही. आज रात्री दहा वाजता सध्याच्या घरात स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा. वडिलांनाही कोणाच्या आधारानं हात वर करून दाखवायला सांगा, त्यांच्या खाटेवर किती धग येते ते. पंखा तीच धग खाली ढकलतो.

आकडा सांगते म्हणजे ठेकेदाराशी बोलता येईल. गच्चीचा वरचा भाग ५५ अंश आणि खोली ३५ अंश असेल, तर नुसत्या पाच इंची स्लॅबमधून ९०० चौरस फुटांत सुमारे ६,००० वॉट उष्णता खाली येते. सहा इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवून छताला टांगल्यासारखं आहे ते. चार इंचांचा विटांचा कोबा केला तर त्या सहाच्या चार होतात. स्लॅबवर ५० मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंची, एक्सपीएसचा, म्हणजे दाट, कडक फोमचा, बोर्ड टाकला तर एकीपेक्षाही कमी उरते. हिशेब ढोबळ आहे, काँक्रीट उष्णता साठवून मागाहून सोडतं म्हणून प्रत्यक्षात तासागणिक फरक पडतो, पण प्रमाण हेच राहतं.

ठेकेदाराचा कोबा वाईट नाही. पाणी अडवायला आणि उतार द्यायला तो चांगला आहे. पण वीट आणि चुना-सिमेंट हेही उष्णता साठवणारंच सामान. कोबा उष्णतेला उशीर लावतो, रोखत नाही. शिवाय चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास जातं. दोन इंची बोर्डाचं दोन किलोही भरत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॉट. नुसता स्लॅब ३.३ च्या आसपास असतो, कोबा केलेला २.३ च्या आसपास. कोब्यानं ती मर्यादा गाठता येत नाही. दोन इंची बोर्ड ०.५ वर आणतो. पैसे कमी पडले तर एक इंची बोर्डही मर्यादेच्या आत बसतो, तेव्हा दीड-दोन इंच जमत नसेल तर एक इंच तरी घ्या, पण काहीच न घेणं नको.

पेंटवाल्याचंही अर्धं बरोबर आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो, उघडं काँक्रीट बरंचसं पिऊन टाकतं. पण आपल्याकडच्या धुळीत पांढरा रंग वर्षभरात मळतो. सध्याच्या घरात येत्या उन्हाळ्यासाठी हाच उपाय करा: होळीच्या आसपास गच्ची घासून धुऊन चुन्याचे दोन-तीन हात, चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून. खर्च अगदी थोडा येतो आणि वडिलांना त्याच आठवड्यात फरक कळेल. नव्या घरात मात्र पांढरा रंग बोर्डाच्या जोडीला हवा. बोर्ड नसताना एकटा रंग पुरा पडत नाही.

मी हे एवढं पोटतिडकीनं लिहिते आहे त्याला कारण आहे. अमरावतीला आम्ही स्वतःचं घर बांधलं तेव्हा मी भिंतींवर महिना घालवला आणि गच्चीवर एक दिवसही नाही. सगळे करतात तसा कोबा करून घेतला. पहिल्याच मे महिन्यात सासूबाईंनी वरची खोली सोडली आणि जिन्याखाली खाट टाकली. दोन उन्हाळे असेच काढल्यावर कोबा फोडायचा ठरवलं. पाच-सहा दिवस घण चालला, मलबा गोण्यांत भरून जिन्यातून उतरवला, घरभर धूळ. त्यावर ज्यांना काम दिलं त्यांनी बोर्ड पसरले खरे, पण सांध्यांवर सांधे आणले आणि मधे फटी ठेवल्या. मी त्या दिवशी नव्हते. पुढच्या पावसाळ्यानंतर वरचा थर बरोबर त्या फटींच्या रेषांवर चिरला. पुन्हा दुरुस्ती. हे सगळं बांधतानाच केलं असतं तर अर्ध्याहून कमी पैशांत झालं असतं आणि सासूबाईंचे दोन उन्हाळे वाचले असते. त्यांची ती जिन्याखालची खाट अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून काम कसं करून घ्यायचं ते नीट सांगते. स्लॅबची तराई पुरी झाली की आधी सिमेंटचा उतार द्या, पाणी नळीकडे जाईल असा. त्यावर वॉटरप्रूफिंग. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यात वाटा मारून ते भिंतीवर फूटभर वर चढवा. मग गच्ची अडवून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून छत कोरडं आहे ना ते स्वतः बघा. ही पायरी कोणी टाळायला सांगितली तर ऐकू नका. बोर्ड बसल्यावर गळती शोधणं फार जड जातं. पाणी काढून पृष्ठभाग सुकला की एक्सपीएसचे बोर्ड पसरा. ज्यांच्या कडा एकमेकांत बसतात असे घ्या, घनता ३० ते ३५ किलो प्रति घनमीटर. विटांना असते तशी सांधेमोड ठेवा, फट कुठेही दिसता कामा नये. पॅरापेटच्या आतल्या बाजूनंही फूटभर बोर्ड उभा लावा, नाहीतर उष्णता कडेनं शिरते.

बोर्डावर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर जाळी घालून दोन इंची काँक्रीट, आठ-दहा फुटांच्या चौकोनांत, मधे सांधे सोडून. शेवटी पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक किंवा पांढरी फरशी. बोर्ड उन्हात उघडे आठवडाभर पडू देऊ नका, उन्हानं त्यांची वरची बाजू खराब होते. जवळ वेल्डिंगचं काम करू देऊ नका, कारण हे सामान पेट घेतं. सिमेंटखाली दाबलं की ती भीती राहत नाही. आणि सामान उतरवताना हजर राहा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल आणून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तो पायाखाली दबतो आणि पाणीही पितो.

गच्चीवर झोपायची सवय असेल तर एक चांगली गोष्ट सांगते. बोर्डावरचा थर दोनच इंचांचा असल्यामुळे तो दिवसा तापला तरी सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. खालून धग द्यायला तो २५ टनांचा तवा उरत नाही. मात्र घराच्या आतला स्लॅब आता आकाशाकडे निवणार नाही, त्याला घरातल्या हवेनंच निवावं लागेल. म्हणून रात्री खिडक्या उघड्या आणि सकाळी आठ-साडेआठला पडद्यांसकट बंद, ही शिस्त हवी. कूलर लावाल तेव्हा समोरची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते.

वर मजला चढवायचा विचार असेल तर आत्ताच मला कळवा. तेव्हा बोर्ड पक्के न करता वरून सुट्या फरशांचं वजन ठेवून बसवता येतात आणि पुढे काढून वरच्या गच्चीवर नेता येतात. बोर्डाला पैसे अजिबातच नसतील तर उलटी मडकी शेजारी शेजारी मांडून मधल्या जागेत चुना-सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही आहे. मडक्यातली कोंडलेली हवा काम करते. फक्त वजन इंजिनिअरला आधी सांगा.

आता वीट की एएसी. नऊ इंची लाल विटेची भिंत दोन्हीकडून प्लास्टर धरून, गच्चीसाठी वापरलं त्याच मापात, २ वॉटच्या आसपास बसते, आठ इंची एएसीची पाऊण. म्हणजे निम्म्याहूनही कमी उष्णता आत. बाहेरच्या चारही भिंती एएसीच्या घ्या आणि आतल्या भिंती विटेच्याच ठेवा. आतली वीट रात्रीचा गारवा धरून ठेवते आणि दुपारी परत देते. एक गैरसमज इथे दूर करते: राखेची वीट आणि एएसी ब्लॉक एकच नव्हेत. दोन्हींत पारस-कोराडीसारख्या वीज केंद्रांतून निघते तशी राख असते, पण राखेची वीट भरीव असते आणि उष्णतेच्या बाबतीत लाल विटेपेक्षा फारशी वेगळी नाही. एएसीत ॲल्युमिनियमच्या भुकटीनं बुडबुडे फुगवलेले असतात. थंडावा त्या बुडबुड्यांचा आहे.

एएसीला भेगा पडतात हे ठेकेदाराचं म्हणणं खोटं नाही, पण त्या कामाच्या दोषानं पडतात. ओले, ताजे ब्लॉक लावू नका. जोडाई रेतीच्या जाड मालानं न करता ब्लॉकच्या खास मसाल्यानं, तीन मिलिमीटर जाडीची करा. त्याला तराईचं पाणीही जवळजवळ लागत नाही, अकोल्यात हे महत्त्वाचं. कॉलम आणि ब्लॉक भेटतात तिथे प्लास्टरखाली जाळी मारा. जोत्याखाली, न्हाणीघरात आणि पॅरापेटला वीटच वापरा. खिळा धरत नाही ही तक्रार बायकांकडून नेहमी येते, तिथे प्लग घालून स्क्रू मारायचा. आणि तुमच्या इंजिनिअरला ब्लॉकचा निर्णय आजच कळवा, कारण भिंतीचं वजन विटेच्या तिसऱ्या हिश्शावर येतं. फुटिंग कमी करायचं की आहे तेच ठेवायचं हे त्यांनाच ठरवू द्या, मिस्त्रीला नको.

ब्लॉकच्या भिंतीत काँक्रीटचे कॉलम आणि बीम मात्र उघडेच राहतात आणि उष्णता तिथून सरळ आत येते. सगळीकडे त्यांना झाकणं परवडणार नाही. पश्चिमेला तरी झाका. कॉलम ब्लॉकच्या बाहेरच्या रेषेपासून एक इंच आत घ्यायला सेंट्रिंगवाल्याला आत्ताच सांगितलं, तर तिथे एक इंची बोर्ड चिकटवून, फायबरची जाळी लावून, प्लास्टर एका पातळीत घेता येईल. भिंत झाल्यावर हे सुचलं तर कॉलमवर बोर्ड पोटासारखा पुढे येतो. कॉलम सरकवणं पुन्हा इंजिनिअरच्या संमतीनंच.

पश्चिमेला रस्ता आहे म्हणून दर्शनी बाजूला मोठी काचेची खिडकी काढायचा मोह होईल. वरचा सज्जा पश्चिमेच्या उन्हाला अडवत नाही, चार वाजता ऊन सज्ज्याखालूनच येतं. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम आणि कोठी आणा आणि खिडकी लहान ठेवा. जी ठेवाल तिला बाहेरून बांबूची चिक लावा. आतला पडदा उन्हाला आत आल्यावर अडवतो, तेव्हा उशीर झालेला असतो. रस्त्याकडे बहावा लावा. कडुनिंब लावायचा तर घरापासून पंधरा-वीस फूट लांब, काळ्या मातीत मोठ्या झाडाची मुळं पायाजवळची ओल ओढतात.

वडिलांची खोली तळमजल्यावर, उत्तर किंवा ईशान्येला द्या. त्या खोलीला दोन बाजूंना खिडक्या हव्यात, म्हणजे पहाटेचा वारा आरपार जाईल. खाटेचं डोकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

एवढं सगळं जमवायला पैसे कुठून येणार, तेही सांगते. पीओपीची फॉल्स सीलिंग, दर्शनी भिंतीचं टेक्श्चर आणि चकचकीत टाइल्स यंदा वगळा. या तिन्ही गोष्टी पाच वर्षांनीही करता येतात. स्लॅबवरचा बोर्ड आणि पश्चिमेचे कॉलम आत्ताच. ठेकेदाराकडून बोर्डाची जाडी आणि घनता कोटेशनमध्ये लिहून घ्या, नुसतं ‘इन्सुलेशन’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नका.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं राहिलं. काळी टाकी उघड्यावर ठेवली की मे महिन्यात दुपारी नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी येतं आणि वडिलांच्या अंगावर तेच पडतं. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला, तिच्या सावलीत टाकी बसवायला सांगा, खालचं बीम तिथेच घ्यावं लागेल म्हणून प्लॅनमध्ये आत्ताच खूण करून ठेवा. टाकीतून उतरणारा पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून आणू देऊ नका.